दोनदा दाबलं की लागतो!

‘‘ब्रेक नीट आहेत ना हो?’’

त्या बाईंनी एवढंच विचारलं. रविवारची सकाळ होती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लेकीची डर्ट बाइक धुऊनपुसून उभी केली होती. गिऱ्हाईक आलं होतं. गिऱ्हाईक म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा एक शिडशिडीत मुलगा आणि त्याची आई. मुलगा टायरशी उकिडवा बसून काहीबाही तपासत होता. आई पर्स छातीशी धरून जरा लांबच उभी होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. मलाही कुठे कळत होतं म्हणा!

मी ‘हो, अगदी’ म्हणायला तोंड उघडलं होतं. विकणाऱ्याने म्हणायचं तेच. तेवढ्यात खुर्चीवर बसलेली आमची कन्या म्हणाली, ‘‘नाहीत. पुढच्या ब्रेकमध्ये हवा आहे. मी त्यानेच पडले.’’

तिचा उजवा हात गळ्यात होता. कॉलरबोन, म्हणजे हासळीचं हाड, मोडून तीन आठवडे झाले होते.

त्या बाईंनी गाडीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. नंतर चहा झाला, इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या, फोन नंबर दिले-घेतले आणि ती मायलेकरं निघून गेली. मी कप विसळत होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझं पोर ज्या ब्रेकने पडलं, तोच ब्रेक मी दुसऱ्या बाईच्या पोराच्या हातात द्यायला निघाले होते. आणि तोंडाने ‘अगदी नीट’ म्हणणार होते.

आता जरा मागचं सांगते. डर्ट बाइक म्हणजे मातीतल्या ट्रॅकवर, उंचवट्यांवरून उड्या मारत चालवायची मोटारसायकल. तिला पुढे दिवा नसतो, नंबरप्लेट नसते, ती रस्त्यावर चालवता येत नाही. टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची आणि चिखलाने माखलेली तशीच परत आणायची. आमच्या लेकीने नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, स्वत:च्या पैशांनी, १४० सीसीची एक जुनी गाडी घेतली. मुलगी चोवीस वर्षांची. तिच्या वयाच्या मुलींच्या आया काय घेऊ पाहतात ते तुम्हाला माहीतच आहे. मी बरीच आदळआपट केली. तिने शांतपणे मला बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेबद्दल सांगितलं. २०१९ साली तिने बाहा या रॅली प्रकारातला महिलांचा विश्वचषक जिंकला, मोटारस्पोर्टमध्ये असं जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. मग २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या, तिथे मला घेऊन गेली. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये मातीचे डोंगर घातलेले आणि त्यावरून मुलं गाड्यांसकट हवेत! मी निम्मा वेळ डोळे मिटून होते. पण घरी येताना म्हटलं, बरं बाई, चालव. मला मात्र बघायला बोलावू नकोस.

पडायच्या महिनाभर आधीपासून ती म्हणत होती, ‘‘आई, ब्रेक लिबलिबीत लागतोय.’’ तिने गॅरेजमध्ये दाखवलाही. तिथल्या माणसाने लिव्हर दाबून पाहिली, एकदा, परत एकदा, आणि म्हणाला, ‘‘थोडी एअर धरलीय. पण चालतंय की. दोनदा दाबलं की लागतो.’’

तिने ते ऐकलं. मीही ऐकलं आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे कबूल करते. आपल्या घरातल्या निम्म्या वस्तू अशाच तर चालतात! आमच्या मिक्सरचं झाकण डाव्या हाताने दाबून धरलं की मिक्सर चालतो. बाथरूमची कडी जरा उचलून लावली की लागते. मधल्या बर्नरला लायटर तीनदा मारावा लागतो. पाहुणे आले की आपण त्यांना सांगतो, ‘‘थांबा हं, त्याची एक ट्रिक आहे.’’ बिघाडाची दुरुस्ती करायच्या ऐवजी आपण आपल्याच हाताला नवीन वळण लावून घेतो. बायका तर यात तरबेज! वस्तूंचंच काय, माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. पण ते जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

ब्रेकचं मात्र असं आहे, की दोनदा दाबायला वेळ असेल तर तो ब्रेक दोनदा दाबून लागतो. त्या दिवशी ट्रॅकवर उतार होता आणि उताराखाली वळण. तिने लिव्हर दाबली, ती थेट मुठीला येऊन टेकली. दुसऱ्यांदा दाबायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात वळण संपलं होतं. गाडी कडेच्या टायरच्या थप्पीवर आदळली आणि ही पलीकडे. हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे पॅड सगळं होतं म्हणून हाडावर भागलं. डॉक्टर म्हणाले, पट्टा लावू, जुळेल. जुळलंही. पण दवाखान्याच्या बाकावर बसल्या-बसल्या मी ठरवून टाकलं, ही गाडी घरात नको. विकायची.

आणि मग ती रविवारची सकाळ.

त्या रात्री मी लेकीला म्हटलं, ‘‘विकायची तर आहेच. पण आधी तो ब्रेक दुरुस्त करून घेऊ. कुठे देऊया?’’

ती म्हणाली, ‘‘कुठेच नको. आपणच काढू हवा. मला कसं करायचं ते माहितीये, पण दोन माणसं लागतात आणि मला एकच हात आहे. तू पाना धर.’’

मी? पाना? एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. पास्कलचा नियम किती तुकड्यांना शिकवला असेल, मोजदाद नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखाच पोचतो. उपयोग सांगा : हायड्रॉलिक जॅक, हायड्रॉलिक ब्रेक. दोन गुण. फळ्यावर मी त्या ब्रेकची आकृतीही फार सुंदर काढत असे. पण खराखुरा ब्रेक कधी उघडून पाहिला होता? छे! प्लंबर येईपर्यंत नळाखाली बादली ठेवणारी मी बाई.

तरी आकृती आठवली, तसं सगळं पुढ्यात उलगडत गेलं. हँडलवर, लिव्हरच्या मुळाशी एक छोटी डबी असते. तिच्यात ब्रेक ऑइल. डबीच्या खाली मास्टर सिलिंडर, त्यात एक लहान दट्ट्या. तिथून जाड नळी खाली चाकापर्यंत जाते. चाकाजवळ कॅलिपर, त्यात मोठा दट्ट्या. तो ब्रेक पॅडना ढकलतो, पॅड चकतीला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. समजा, वरचा दट्ट्या ११ मिलीमीटर व्यासाचा आहे आणि खालचा २७ चा. खालच्याचं क्षेत्रफळ साधारण सहा पट भरतं, म्हणजे बळही सहा पट. बोटांच्या जोरावर धावतं चाक थांबतं ते यामुळे.

पण याची दुसरी बाजू मी वर्गात कधी सांगितली नव्हती. ११ मिलीमीटरचा तो दट्ट्या फार तर सेंटिमीटरभर सरकतो. म्हणजे लिव्हर पूर्ण दाबली तरी आत सरकणारं तेल जेमतेम एक मिलिलिटर! चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. सगळा खेळ एवढ्याशा तेलावर. तेल दाबलं जात नाही, आकसत नाही, म्हणून हा खेळ जमतो. हवा मात्र आकसते. दाब वीस पट झाला की बुडबुडा विसाव्या हिश्श्याएवढा होऊन बसतो. म्हणजे नळीत अर्धा मिलिलिटर हवा अडकलेली असेल तर लिव्हरचा निम्मा प्रवास नुसती ती हवा चेपण्यात जातो. पॅड जागचे हलतही नाहीत. दोनदा भराभर दाबलं की डबीतून थोडं जास्त तेल खाली उतरतं आणि मग ब्रेक लागतो. ‘ट्रिक’ म्हणतात ती एवढीच. हवा आतच असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान जमवलं. ब्रेक ऑइलची नवी सीलबंद बाटली. आठ नंबरचा रिंग पाना. एक मोठी सिरिंज. फिश टँकच्या दुकानातून हातभर पारदर्शक नळी. एक रिकामी प्लास्टिकची बाटली. आणि जुनी सुती कापडं, त्यांची आपल्या घरात वाण नसते. यांनी पार्किंगमध्ये डोकावून पाहिलं, ‘‘काय ऑपरेशन आहे का?’’ म्हणाले आणि वर निघून गेले. पाच मिनिटांनी टॉर्च घेऊन परत आले, हे मात्र सांगायला हवं.

ब्रेक ऑइल कुठलंही चालत नाही, हे लेकीने मला आधी बजावलं. डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ वगैरे. आमच्या गाडीचं ‘डॉट ४’. यातली गंमत म्हणजे ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचं वेगळंच तेल आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही. आणि ‘डॉट ५.१’ मात्र पुन्हा ३ आणि ४ च्याच जातीचं. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं! दुसरं म्हणजे हे तेल रंग खातं. टाकीवर, प्लास्टिकवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. म्हणून आधी टाकीवर ओला टॉवेल घातला. डबीच्या आजूबाजूची माती ब्रशने साफ केली, कारण झाकण उघडल्यावर एक कण जरी आत पडला तरी तो नेमका नको तिथे जाऊन बसतो.

हँडल असं वळवलं की डबी सपाट आणि सगळ्यात उंच राहील. झाकणाचे दोन स्क्रू काढले. खाली रबरी पडदा होता, तो उचलला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तेल तळाला गेलेलं. रंग कोऱ्या चहासारखा. नवं तेल खोबरेलाहून थोडं पिवळट असतं, आणि हे असं! हवा कुठून शिरली हे तिथेच कळलं. डबीत तेल कमी, त्यात ही गाडी मातीत वरचेवर आडवी होणार. आडवी झाली की डबीतलं तेल एका बाजूला आणि भोकाशी हवा.

मी लगेच बाटली उघडून भर घालायला निघाले, तर लेक म्हणाली, ‘‘थांब. तेल का कमी झालंय ते बघ आधी.’’ तेल गळत नव्हतं. नळी कोरडी होती, कॅलिपर कोरडा होता. पॅड पाहिले, तर झिजून पातळ झालेले. पॅड झिजतात तसा खालचा दट्ट्या बाहेर येत जातो, त्याच्यामागची जागा तेल भरून काढतं आणि डबीतली पातळी उतरते. म्हणजे डबी आपल्याला पॅडचा निरोप देत असते. आम्ही ती वाचली नव्हती इतकंच. मग नवे पॅड आणले. ते बसवताना दट्ट्या आत ढकलावा लागतो, तेव्हा तेल उलटं वर येतं. आधीच काठोकाठ भरलं असतं तर सगळं टाकीवर सांडलं असतं.

जुनं तेल सिरिंजने ओढून काढलं, डबी पुसली, नवं तेल हळूच ओतलं. बाटली हलवायची नाही, फेस होतो. ज्यातून हवा काढायची त्यात आपणच हवा कालवल्यासारखं. मग मी कॅलिपरशी बसकण मारली. कॅलिपरच्या वरच्या अंगाला एक पोकळ स्क्रू असतो, त्याला ब्लीडर निपल म्हणतात. त्यावरची रबराची टोपी काढून आधी रिंग पाना चढवला, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत, तळाशी थोडं तेल घालून त्यात बुडवलेलं. ते उघडं राहिलं तर तिथून हवा परत आत यायची.

आणि आमचं काम सुरू झालं. ती डाव्या हाताने, वाकडी होऊन, उजवीकडची लिव्हर सावकाश दोन-तीनदा दाबायची आणि दाबून धरायची.

‘‘धरलं.’’

‘‘सोडते.’’ मी पाना पाव वळसा फिरवायची. नळीतून काळपट तेल सुर्रकन यायचं. लिव्हर मुठीपर्यंत जायची.

‘‘टेकली.’’

‘‘बंद केलं.’’

मग तिने लिव्हर सोडायची. ‘बंद केलं’ ऐकल्याशिवाय सोडायची नाही. हा एकच नियम आहे म्हटलं तरी चालेल. निपल उघडं असताना लिव्हर सोडली की ती परत येताना नळीकडूनच ओढून घेते.

पहिला बुडबुडा आला तेव्हा मी ओरडलेच. मुगाएवढा होता. पारदर्शक नळीतून तुरुतुरु धावत गेला. त्याच्यामागे दोन लहान. मग बारीक फेस. मी शपथेवर सांगते, दहावीच्या बोर्डाचा निकाल बघतानासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. ‘‘हा बघ! हा बघ गेला!’’ वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन विचारायला लागल्या, काय सापडलं?

मग अर्थातच आम्ही चुका केल्या. बुडबुडे बघण्याच्या नादात डबीकडे कुणाचंच लक्ष नाही. एवढीशी डबी, आठ-दहा वेळा दाबलं की रिकामी. ती कोरडी पडली आणि लिव्हर पुन्हा भुसभुशीत. वरून नव्याने हवा आत. तासाभराची मेहनत वाया. पुन्हा पहिल्यापासून. यांना टॉर्चसोबत डबीवर नजर ठेवायचं काम दिलं. दुसऱ्यांदा चूक माझी. पाना फिरवायच्या आधीच मी घाईने ‘बंद केलं’ म्हणून गेले. तोंड हाताच्या पुढे धावलं. नळीतलं तेल मागे सरकताना दोघींनीही पाहिलं. ती काही बोलली नाही. मीच म्हटलं, ‘‘चुकले.’’ गेल्या महिन्याभरात आम्ही दोघी एकमेकींशी नुसत्या कामापुरत्या बोलत होतो. मी ‘तुला सांगितलं होतं’ या सुरात, ती गप्प राहून. त्या संध्याकाळी मात्र एकीने खोटं बोलून चालणार नव्हतं आणि दुसरीने ऐकल्याशिवाय हलायचं नव्हतं.

साडेआठ वाजेपर्यंत नळीतून स्वच्छ, पिवळसर तेल यायला लागलं. बुडबुडे थांबले. लिव्हर बरीच घट्ट झाली होती. बरीच. पूर्ण नाही. शेवटी अजून किंचित लिबलिबीत.

‘‘चालेल की,’’ मी म्हटलं. माझी कंबर गेली होती. ‘‘आधीपेक्षा किती छान लागतोय.’’

लेकीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग माझं मलाच हसू आलं.

त्यातलं विज्ञान असं. बुडबुड्याला वर जायचं असतं आणि आपण त्याला लिव्हर दाबून खाली ढकलत असतो. मोठे जातात. बारीक मात्र नळीच्या वरच्या टोकाला, जिथे ती मास्टर सिलिंडरला जोडलेली असते त्या बोल्टपाशी, कोपऱ्यात चिकटून बसतात. काही जण यासाठी उलटा मार्ग धरतात. डबी आधी रिकामी करायची आणि खालच्या निपलमधून सिरिंजने तेल वर चढवायचं, म्हणजे बुडबुडे आपल्या वाटेनेच वर जातात. आम्ही सोपा उपाय केला. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने कॅलिपर आणि नळीवर हलकेच टकटक केलं, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग लिव्हर दाबून कपड्याच्या पट्टीने मुठीला घट्ट बांधली आणि रात्रभर तशीच ठेवली. दाबाखाली बुडबुडे बारीक होतात, सुटतात, वर सरकतात आणि सकाळी पट्टी सोडली की डबीत निघून जातात.

सकाळी दूध घ्यायला खाली गेले ती तशीच पार्किंगमध्ये. पट्टी सोडली. लिव्हर हळूच दोनदा हलवली, डबीत मोहरीएवढे दोन-तीन बुडबुडे वर आलेले दिसले. मग दाबली. लिव्हर थोडी आली आणि थांबली. भिंतीवर हात टेकावा तशी. सगळा जोर लावून धरून ठेवली, मनात साठ आकडे मोजले. तसूभर हलली नाही. धरून ठेवल्यावर ती हळूहळू खचत गेली असती, तर कुठेतरी गळती किंवा आतलं रबर खराब, असा अर्थ होता. मग नुसती हवा काढून भागलं नसतं.

राहिलेलं आवरलं. निपल मनगटाच्या जोराने घट्ट केलं, त्यापेक्षा जास्त नाही. पोकळ असतं ते, मोडलं तर भलतंच काम वाढतं. त्यावर रबराची टोपी घातली. डबीत खुणेपर्यंत तेल, पडदा, झाकण. सांडलेलं पाण्याने धुतलं. चकतीवर तेलाचा थेंबही नको, म्हणून ती साफ केली. मग लेकीने आधी गाडी नुसती ढकलत नेऊन ब्रेक लावून पाहायला लावला. मी पाहिला. एकदाच दाबला.

या सगळ्यात ज्या दोन-तीन गोष्टी मला कळल्या, त्या स्कूटरवरून ऑफिसला जाणाऱ्या, मुलांना क्लासला सोडणाऱ्या प्रत्येकीला सांगाव्याशा वाटतात. तुमच्या स्कूटरला पुढे चकतीचा ब्रेक असेल, तर हँडलवर तशीच डबी आहे आणि तिला एक छोटी काचेची खिडकी आहे. तेल खुणेच्या वर आहे ना, एवढं महिन्यातून एकदा बघा. रंग काळपट झाला असेल तर बदलून घ्या. तसंही साधारण दोन वर्षांनी ते बदलावं लागतं, गाडी कमी चालली असली तरी. कारण हे तेल हवेतली आर्द्रता पिऊन घेतं, मिठाच्या बरणीसारखं. ‘डॉट ४’ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं मात्र १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. लांब घाट उतरताना सतत ब्रेक दाबून तो तापला, तर आतल्या आत वाफ होते आणि वाफही हवेसारखीच आकसते. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठीक. म्हणून गॅरेजमध्ये दाखवताना ‘काही नाही ताई, बरोबर लागतोय’ असं ऐकायला मिळतं. तेव्हा ‘तापल्यावर जातो’ हे आवर्जून सांगा. हवा स्वत: काढा असं मी म्हणत नाही. शेजारी जाणतं माणूस असल्याशिवाय तर मुळीच नको, आणि एबीएस असलेल्या गाड्यांचं काम जाणकाराकडेच द्यावं. पण लिव्हर लिबलिबीत लागली तर ‘दोनदा दाबलं की लागतो’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

गाडी आम्ही विकली नाही. लेकीने हट्ट केला असं नाही, तिने तो विषयच काढला नाही. मीच म्हटलं, हाड नीट जुळू दे, डॉक्टर काय म्हणतात बघू. साडेतीन महिन्यांनी त्यांनी हो म्हटलं. भीती गेली का? नाही गेली. ती ट्रॅकवर असते तेव्हा मी अजूनही घड्याळ बघत स्वयंपाक करते. पण आदल्या रात्री पार्किंगमध्ये जाऊन मी लिव्हर दाबून येते. एकदाच.

त्या बाईंचा मध्यंतरी फोन आला होता. त्यांच्या मुलासाठी दुसरीकडून गाडी घेतली म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘ताई, तुमच्या मुलीने त्या दिवशी खरं सांगितलं म्हणून विचारते. याचाही ब्रेक दोनदा दाबावा लागतोय. तो म्हणतो चालतंय. मला काही बरं वाटत नाही. तुम्हाला त्यातलं कळतं ना?’’

मी म्हटलं, ‘‘रविवारी येतो आम्ही दोघी. मुलाला सांगा, आठ नंबरचा पाना आणून ठेव. आणि तुम्ही जुन्या साडीचं कापड काढून ठेवा. पाना तुम्हालाच धरायचाय.’’